अँटिबॉडी रक्तात आहेत, मग गोळ्या कशासाठी?

प्रश्न : माझे बालपण हिवतापाच्या भागात गेले. लहानपणी दर पावसाळ्यात एकदा-दोनदा थंडी वाजून ताप यायचा. दहा-बारा वर्षांची झाल्यावर तो जवळजवळ यायचाच बंद झाला. अठराव्या वर्षी शिक्षणासाठी बाहेर पडले, त्याला आता एकोणीस वर्षे झाली. या काळात जिथे राहिले तिथे हिवताप नाही. आता कामानिमित्त दोन वर्षांसाठी त्याच भागात परत जायचे आहे. सोबत पती, जे अशा भागात कधीच राहिलेले नाहीत, आणि पाच वर्षांची मुलगी असेल. निघण्यापूर्वी आम्ही तिघांनी मलेरियाची अँटिबॉडी चाचणी करून घेतली. माझी पॉझिटिव्ह आली, त्या दोघांची निगेटिव्ह. तिथेच राहणारी माझी ताई म्हणते, "तुझ्या रक्तातच ते आहे, तुला काही होणार नाही. गोळ्या त्या दोघांना दे." ती स्वतः कधीच गोळ्या घेत नाही आणि ठणठणीत आहे. तिचे ऐकावे का? पॉझिटिव्ह म्हणजे माझ्या शरीरात अजून मलेरिया आहे का? आम्हाला दुसरे मूल हवे आहे. त्याचाही विचार यात करावा लागेल का?

उत्तर : तुम्ही निघायच्या तयारीत आहात, म्हणून निर्णयापुरते उत्तर आधी देते. त्या भागासाठी डॉक्टरांनी प्रतिबंधक गोळ्या सांगितल्या असतील, तर त्या तिघांनीही घ्यायच्या आहेत, आणि या तिघांत तुम्ही आलात. तुमच्या रिपोर्टवरचा 'पॉझिटिव्ह' हा शब्द तुम्हाला गोळ्यांतून सूट देत नाही. ताईंच्या बोलण्यात तथ्य अजिबात नाही असे मात्र नाही. ते तथ्य कुठपर्यंत खरे आहे आणि तुमच्या बाबतीत कुठे संपते, हे नीट समजले तर ताईंना न दुखावता तुम्ही आपला निर्णय घेऊ शकाल.

रिपोर्ट कसा तयार होतो ते आधी पाहू. प्रयोगशाळेत शहाण्णव लहान खळगे असलेली प्लास्टिकची एक थाळी असते. त्या खळग्यांच्या तळाला मलेरियाच्या परजीवीची काही प्रथिने आधीच चिकटवलेली असतात. तुमच्या रक्तातला पातळ केलेला द्रव, म्हणजे सीरम, त्यात घालतात. त्या प्रथिनांना ओळखणारी प्रतिपिंडे, म्हणजेच अँटिबॉडी, सीरममध्ये असतील तर ती तिथे अडकून राहतात आणि बाकीचे सगळे धुऊन टाकले जाते. मग रंग देणारे रसायन घालतात. खळगा निळा होत जातो, आम्लाचा थेंब पडताच तो पिवळा होतो, आणि पिवळा किती गडद आहे हे यंत्र मोजते. आता प्रश्न असा की, किती गडद झाला म्हणजे पॉझिटिव्ह म्हणायचे? ही रेषा सहसा ज्यांना मलेरिया कधीच झालेला नाही अशा लोकांच्या रक्तावरून आखली जाते. त्यांच्या आकड्यांची सरासरी काढून, नैसर्गिक चढउतारासाठी त्यात भर घालून, त्यापलीकडचे सारे पॉझिटिव्ह धरतात. याचा अर्थ तुमचा रिपोर्ट एवढेच सांगतो की, मलेरियाशी कधीच गाठ न पडलेल्या माणसाच्या रक्तापेक्षा तुमचे रक्त वेगळे आहे. इतकी प्रतिपिंडे असली की ताप येणार नाही, अशी सर्वमान्य रेषा मलेरियासाठी आजवर कोणालाही आखता आलेली नाही. गोवरासारख्या रोगाच्या बाबतीत आपण 'अँटिबॉडी आहेत, म्हणजे संरक्षण आहे' असे बिनधास्त म्हणतो. ती सवय इथे चालत नाही.

याच कारणाने, शरीरात अजून मलेरिया आहे का, या प्रश्नाचे उत्तरही ही चाचणी देत नाही. परजीवी निघून गेल्यावरही प्रतिपिंडे वर्षानुवर्षे टिकू शकतात, आणि उलट पहिल्याच आजाराच्या सुरुवातीच्या दिवसांत परजीवी रक्तात असूनही प्रतिपिंडे अजून तयार झालेली नसतात. आज मलेरिया आहे की नाही हे ठरवायला परजीवीच दिसावा लागतो. त्यासाठी काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, किंवा परजीवीची स्वतःची प्रथिने शोधणारे रॅपिड किट वापरतात. एकोणीस वर्षे तुम्ही हिवतापाच्या भागाबाहेर आहात. फॅल्सिपॅरम जातीचा परजीवी नव्याने डास चावल्याशिवाय इतका काळ टिकत नाही असेच धरले जाते. व्हायवॅक्स जातीचा परजीवी यकृतात दडून राहून पुन्हा उठतो, पण तेही बहुधा काही महिन्यांत किंवा दोन-तीन वर्षांत. मलेरी नावाची जात मात्र क्वचित दशकानुदशके रक्तात अगदी थोड्या संख्येने राहिल्याचे आढळले आहे. तुम्हाला ताप नसेल, रक्त कमी झालेले नसेल, प्लीहा वाढलेली नसेल, तर यावर झोप उडवून घेण्याचे कारण नाही. तरी मनाचे समाधान हवे असेल तर एकदा काचपट्टी तपासून घ्या. अँटिबॉडी चाचणी पुन्हा करू नका.

आता ताईंच्या म्हणण्याकडे वळते. हिवतापाच्या भागात वाढलेल्या प्रौढांच्या रक्तात संरक्षण देणारे काहीतरी असते, हे निरीक्षण शंभर वर्षांहून जुने आहे. जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी 1899-1900 च्या सुमारास जावा आणि न्यू गिनी इथे पाहिले की, सतत मलेरिया असलेल्या ठिकाणी लहान मुलांच्या रक्तात परजीवी भरपूर सापडतात आणि मोठ्या माणसांत ते विरळ होत जातात. त्याचा थेट पुरावा 1961 मध्ये मिळाला. कोहेन आणि मॅक्ग्रेगर यांच्या गटाने गांबियातल्या प्रौढांच्या रक्तातून प्रतिपिंडांचा अंश वेगळा काढला आणि तो मलेरियाने आजारी असलेल्या बालकांना टोचला. काही दिवसांतच त्या मुलांच्या रक्तातली परजीवींची संख्या झपाट्याने खाली आली. पुढे 1991 मध्ये आफ्रिकी प्रौढांची प्रतिपिंडे थायलंडमधल्या रुग्णांना देऊनही असाच परिणाम दिसला. तेव्हा प्रतिपिंडे मलेरियाविरुद्ध काम करतात, यात शंका घेण्यासारखे काही नाही.

मात्र ज्यांच्या रक्तातून ती प्रतिपिंडे घेतली, ते लोक त्या क्षणापर्यंत तिथेच राहत होते आणि दर मोसमात त्यांना डास चावत होते. ताईंचेही तसेच आहे, तुमचे नाही. सारा फरक इथे आहे, म्हणून यावर थोडे सविस्तर लिहिते.

अ‍ॅनोफिलीस डासाची मादी चावते तेव्हा परजीवीची जेमतेम काही डझन बीजे त्वचेत सोडते. ती तासाभरात यकृतात पोचतात आणि तिथे आठवडाभर गुपचूप वाढतात. या टप्प्यावर शरीराला फारसे काही कळत नाही, कारण बीजे थोडी आणि वेळ कमी. म्हणूनच नैसर्गिकरीत्या या टप्प्याविरुद्ध मजबूत प्रतिपिंडे सहसा बनत नाहीत. यकृतातल्या एकेका पेशीतून मग हजारो परजीवी रक्तात उतरतात आणि तांबड्या पेशींत घुसतात. घुसायला त्यांना मिनिटभरही पुरते, आणि प्रतिपिंडांना पकडण्यासाठी तेवढीच फट मिळते. एकदा आत गेला की परजीवी पेशीच्या आडोशाला असतो. परंतु त्याला एक गोष्ट लपवता येत नाही. प्लीहेत जाऊन नष्ट होऊ नये म्हणून फॅल्सिपॅरमला रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून राहावे लागते, आणि त्यासाठी तो तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर स्वतःचे एक चिकट प्रथिन बाहेर काढतो. शरीराची प्रतिपिंडे त्याच प्रथिनावर हल्ला करतात. परजीवीची तयारी मात्र अशी की, या प्रथिनाचे जवळपास साठ प्रकार बनवणारी जनुके एकाच परजीवीजवळ असतात. एक प्रकार शरीराने ओळखला की तो दुसरा काढतो. शिवाय एका परजीवीचे साठ आणि दुसऱ्याचे साठ सारखे नसतात.

हिवतापाच्या भागातले मूल हे प्रकार एकेक करून शिकत जाते. प्रत्येक ताप म्हणजे नव्या काही प्रकारांची ओळख. गंभीर आजार घडवणारे प्रकार तुलनेने मोजके असल्याने त्यांच्यापासूनचे संरक्षण थोड्या आजारपणांनंतर येऊ लागते. साध्या तापापासूनचे यायला अनेक वर्षे जातात. आणि परजीवी रक्तात शिरूच नये असे संरक्षण तर तिथल्या प्रौढांनाही बहुतेक कधीच मिळत नाही. दहाव्या-बाराव्या वर्षी तुमचा ताप थांबला तो असा. या शिकण्याची किंमत फार मोठी असते, हेही इथेच लिहिले पाहिजे: मलेरियाने दगावणाऱ्यांत सर्वाधिक संख्या ही ओळख पुरी होण्याआधीच जाणाऱ्या पाच वर्षांखालील बालकांची असते. 'लहानपणी ताप काढला की माणूस पक्का होतो' हे वाक्य मला म्हणूनच कधी सहन होत नाही. जी मुले राहिली तीच हे वाक्य ऐकायला असतात.

संशोधकांना आणखी एक गोष्ट वारंवार दिसली आहे. कोणत्याही एका प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडांची पातळी मोठी असण्यापेक्षा, अनेक निरनिराळ्या प्रथिनांविरुद्ध ती असणे हे संरक्षणाशी अधिक जुळते. केनियातल्या किलिफी भागातल्या मुलांवरच्या 2008 मधल्या अभ्यासाने हे स्पष्टपणे मांडले. तुमच्या रिपोर्टमध्ये ही विविधता मोजलेलीच नसते. खळग्यात ठेवलेली दोन-चार प्रथिने तुमच्या रक्ताने ओळखली, एवढेच तो सांगतो.

आणि ताईंची पातळी मोजली, ती तुमच्यापेक्षा जास्त निघाली, तर तिचाही अर्थ सरळ लावता येणार नाही. प्रतिपिंडांची पातळी दोन कारणांनी वर जाते: माणूस सुरक्षित आहे म्हणून, आणि माणसाला डास अधिक चावतात म्हणून. एकाच वस्तीत पाण्याच्या डबक्याशेजारच्या घरातल्या मुलांत प्रतिपिंडे भरपूर असतात आणि मलेरियाही अधिक असतो. चार गल्ल्या पलीकडच्या मुलांत दोन्ही कमी असतात. नुसते आकडे पाहिले तर असे वाटावे की प्रतिपिंडांमुळेच मलेरिया होतो. प्रत्यक्षात ते डासांचे मोजमाप असते. म्हणून अभ्यास करणारे आधी पाहतात की अमुक मुलाच्या अंगात परजीवी शिरला होता का, आणि ज्यांच्या अंगात शिरला त्यांच्यातच तुलना करतात. ताई ठणठणीत दिसतात, पण त्यांच्या रक्तात या घडीला थोडे परजीवी असतीलही. लक्षणांशिवाय परजीवी बाळगणारे प्रौढ अशा भागांत पुष्कळ आढळतात, आणि तेच थोडे परजीवी प्रतिपिंडांना सतत उजाळा देत राहतात. ताईंचे संरक्षण रोज नव्याने भरले जाते. तुमचे एकोणीस वर्षांत एकदाही भरले गेलेले नाही.

मग तुमचे काय उरले आहे? काहीतरी नक्की उरले आहे. रक्तात फिरणाऱ्या एका प्रतिपिंडाचे आयुष्य साधारण तीन आठवड्यांचे असते, आणि मलेरियाविरुद्ध महत्त्वाच्या मानल्या जाणाऱ्या एका उपप्रकाराचे तर आठवडाभराचेच. तरीही तुमची चाचणी पॉझिटिव्ह आली, याचा अर्थ ती बनवणाऱ्या काही पेशी तुमच्या अस्थिमज्जेत अजून जिवंत आहेत. लहानपणी वर्षानुवर्षे संसर्ग झालेल्यांत असे घडते. याउलट, प्रवासात एकदाच मलेरिया झालेल्या स्वीडिश नागरिकांचा 2013 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहा: त्यांच्या रक्तातली प्रतिपिंडे कधीच आजारी न पडलेल्यांच्या पातळीवर उतरली होती, पण ओळख जपणाऱ्या स्मृतिपेशी सोळा वर्षांनंतरही सापडल्या. मादागास्करच्या पठारी भागातला अनुभवही लक्षात घेण्याजोगा आहे. तिथून मलेरिया अनेक वर्षे जवळपास हटला होता आणि 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात तो साथीच्या रूपाने परतला. त्या साथीत, जुना मलेरिया अनुभवलेल्या चाळिशीपुढच्या लोकांना तरुणांपेक्षा कमी त्रास झाला.

म्हणजे तुमचे शरीर कोरे नाही. परंतु कमी त्रास आणि त्रास नसणे यांत जे अंतर आहे, ते तुमच्यासारख्या माणसासाठी धोक्याचे ठरते. युरोपात स्थायिक झालेले आफ्रिकी वंशाचे लोक आप्तांना भेटायला मायदेशी जातात आणि मलेरिया घेऊन परततात, ही तिथल्या रुग्णालयांना नेहमीची गोष्ट आहे. 'आम्ही तिथलेच, आम्हाला काय होणार' या समजुतीने त्यांच्यापैकी अनेकांनी गोळ्या घेतलेल्या नसतात. त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण इतर प्रवाशांपेक्षा कमी आढळते हे खरे. पण अत्यवस्थ होऊन दाखल होणारे त्यांच्यातही असतात. स्मृतिपेशी जाग्या होऊन पुरेशी प्रतिपिंडे बनवायला दिवस लागतात. फॅल्सिपॅरम तर दर अठ्ठेचाळीस तासांनी नवी पिढी काढतो. या शर्यतीवर तुमचा जीव लावावा असे मला मुळीच वाटत नाही. एकोणीस वर्षांत तिथले परजीवीही तेच राहिलेले नाहीत.

तुमच्या दुसऱ्या मुलाबद्दलचा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलात. माझ्या मते तो पहिला असायला हवा होता. गर्भावस्थेत फॅल्सिपॅरमला चिकटायला एक नवी जागा मिळते, ती म्हणजे वार (प्लॅसेंटा). वारेला चिकटण्यासाठी तो त्या साठांपैकी एक खास प्रकार वापरतो. गर्भारपणाबाहेर या प्रकाराशी शरीराची गाठ सहसा पडत नाही. त्यामुळे बालपणात कितीही ताप काढले असले तरी याची प्रतिपिंडे तुमच्याजवळ नसणार. ती हिवतापाच्या भागात गर्भारपण काढल्यावरच तयार होतात, आणि म्हणूनच त्या भागांत पहिलटकरणींना सर्वाधिक त्रास होतो व पुढच्या खेपांना तो कमी होत जातो. तुमचे पहिले गर्भारपण मलेरिया नसलेल्या ठिकाणी गेले. या बाबतीत तुम्ही पहिलटकरणीच आहात. वारेतल्या मलेरियाने आईचे रक्त कमी होते, बाळाचे वजन कमी भरते, गर्भपात किंवा मृतजन्मही होऊ शकतो. शिवाय सारे परजीवी वारेत जमल्याने बोटातून घेतलेल्या रक्तात ते न दिसण्याची शक्यता असते. तेव्हा गोळ्या लिहून घेतानाच डॉक्टरांना सांगा की, या दोन वर्षांत तुम्हाला मूल हवे आहे. डॉक्सिसायक्लिन गर्भारपणात टाळतात; व्हायवॅक्सच्या यकृतातल्या दडलेल्या रूपावर दिले जाणारे प्रायमाक्विन गर्भवतीला देत नाहीत. कोणती गोळी केव्हा बदलायची हे आधीच ठरलेले असावे. शक्य असेल तर गर्भधारणा परतल्यावर ठेवावी, हा माझा स्पष्ट सल्ला आहे. तुमचे वय पाहता तो देणे मला सोपे नाही, आणि निर्णय अर्थातच तुम्हा दोघांचा आहे.

मुलीची चाचणी निगेटिव्ह येणे अपेक्षितच होते. ती पोटात असताना तुमची प्रतिपिंडे वारेतून तिच्याकडे गेली असतील, पण ती पहिल्या काही महिन्यांतच संपतात. मलेरियाविरुद्धच्या लशींबद्दल तुम्ही वाचले असेल: जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये आरटीएस,एस आणि 2023 मध्ये आर21 या लशींची शिफारस केली. या दोन्ही लशी परजीवीच्या त्या पहिल्या, यकृतात पोचण्यापूर्वीच्या टप्प्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवतात, म्हणजे निसर्ग जे सहसा शिकवत नाही तेच शिकवतात. पण त्या मलेरियाच्या भागात राहणाऱ्या, साधारण पाच महिन्यांपासून पुढच्या लहान बाळांसाठी आहेत, त्यांचा परिणाम ओसरतो म्हणून चौथी मात्रा लागते, आणि प्रवाशांना त्या दिल्या जात नाहीत. मुलीसाठी वजनानुसार गोळ्या, औषध लावलेली मच्छरदाणी आणि संध्याकाळनंतर अंगभर कपडे, हेच संरक्षण. अ‍ॅनोफिलीस प्रामुख्याने सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात चावतो, हे विसरू नका.

पतींना कोणी सांगेल की, दोन पावसाळे काढले की त्यांचेही शरीर तयार होईल. इंडोनेशियाच्या पापुआ भागात जावा बेटावरून जाऊन वसलेल्या लोकांच्या अभ्यासात असे दिसले खरे की, सतत संसर्ग होत राहिला तर प्रौढांत संरक्षण मुलांपेक्षा लवकर, वर्षा-दोन वर्षांत येऊ लागते. पण पहिल्या आजारात गंभीर होण्याचा धोकाही प्रौढांनाच अधिक असतो. शिवाय ज्याला दोन वर्षांनी परतायचे आहे त्याने हे कमवून काय करायचे?

गोळ्या घेत असतानाही ताप येऊ शकतो. तिथे पोचल्यावर आठवडा उलटला की कोणालाही ताप आला, तर त्याच दिवशी काचपट्टी किंवा रॅपिड किट करून घ्या. पहिली चाचणी निगेटिव्ह आली आणि ताप चालूच राहिला, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती पुन्हा करा. तुमच्या बाबतीत जुन्या ओळखीमुळे ताप सौम्य असू शकतो. नुसती अंगदुखी, डोकेदुखी, पोट बिघडणे एवढेच दिसेल. तेवढ्यावरही तपासणी करा. परतल्यानंतर गोळ्या लगेच सोडू नका. कोणती गोळी किती दिवस पुढे चालवायची हे औषधावर अवलंबून असते. काहींना सात दिवस, काहींना चार आठवडे लागतात. पुढे वर्षभरात केव्हाही ताप आला तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता, कुठे राहून आलात, केव्हा परतलात आणि कोणत्या गोळ्या घेतल्या, हे स्वतःहून सांगा. हा अँटिबॉडीचा रिपोर्ट त्या वेळी दाखवण्याची गरज नाही. तो दाखवायचाच असेल तर रक्तदान करताना रक्तपेढीत दाखवा; काही देशांत हिवतापाच्या भागातून आलेल्या दात्यांचे रक्त घ्यायचे की नाही, हे ठरवताना हीच चाचणी वापरतात.